नाव जुळलं, पण माणूस जुळला का? इंग्लंडच्या खेड्यातली वंशवेल शोधताना आणि दुरुस्त करताना

लग्नानंतर इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफकला राहायला आले तेव्हा सासूबाईंनी कागदाची एक लांबलचक गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. घराण्याची वंशवेल. दूरच्या कुणा नातेवाइकाने इंटरनेटवरून जमवून छापून घेतलेली. अगदी वर सतराव्या शतकातला जमीनजुमला असलेला शेतकरी, अगदी खाली माझा नवरा, आणि मधोमध विल्यम नावाचा एक शेतमजूर. पुढे दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की या विल्यमच्या वरच्या सहाच्या सहा पिढ्या दुसऱ्याच घराण्याच्या आहेत.

ती चूक कशी सापडली आणि कशी निस्तरली, ते सांगत सांगतच हे मार्गदर्शन लिहिते आहे. इंग्रज घरात लग्न होऊन आलेले, मुलांना दोन्हीकडची मुळं दाखवू पाहणारे बरेच मराठी लोक मला भेटतात. त्यातल्या ज्यांनी गावाकडे कुणबी नोंदीसाठी कोतवाल बुक आणि मोडी कागद चाळलेत, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. बाप आणि मुलगा यांना जोडणारी प्रत्येक रेघ हा वेगळा दावा असतो आणि प्रत्येक दाव्याला वेगळा पुरावा लागतो. वरच्या दहा रेघा कितीही पक्क्या असोत, मधली एक चुकली की त्या दहाही परक्या घराण्याच्या.

घरापासून सुरुवात

आधी हयात माणसांना विचारा, तेही घाईने. पणजीचं माहेरचं नाव, कोण कुठे कामाला होतं, कोणाबद्दल घरात बोलत नसत. फोटोंच्या पाठी, कौटुंबिक बायबलचं पहिलं पान, युद्धातली पदकं, अंत्यविधीची छापील पत्रिका, सगळं मोबाइलवर टिपून ठेवा. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली आणि कधी, हे लिहा. ऐकीव माहिती फेकून द्यायची नसते आणि तिला पुरावाही मानायचं नसतं.

1837 नंतरचे दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. तिची सूची तिमाहीनुसार लावलेली असते. तिमाही ठरते ती नोंद केल्याच्या तारखेवरून. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत असायची, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. शिवाय सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं. तेव्हा आपलं गाव कोणत्या जिल्ह्यात मोडत होतं ते आधी शोधा.

स्वयंसेवकांनी उभी केलेली फ्रीबीएमडी ही सूची मोफत आहे. पण या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिसच्या, स्वतःच्या ऑनलाइन सूचीत एक मोठी सोय आहे. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसतं, या सूचीत मात्र ते 1837 पासून दिलेलं आहे. एका जोडप्याची सगळी मुलं ओळखायला याहून चांगलं साधन नाही. जुन्या जन्मनोंदीची डिजिटल प्रत पूर्ण दाखल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते. नवख्याने तीच मागवावी.

लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो, म्हणून तो सगळ्यात मोलाचा. लग्न चर्चमध्ये झालं असेल तर पैसे भरण्याआधी त्या चर्चच्या रजिस्टरचं छायाचित्र ऑनलाइन आहे का ते पाहा. मजकूर तोच असतो आणि सह्या मूळच्या असतात. सरकारी दाखल्यावर त्या सह्यांची नक्कल असते. आमच्या विल्यमच्या बायकोने सही केलेली नाही. कारकुनाने तिचं नाव लिहिलं आणि तिने मधोमध फुली मारली. फुलीची एक रेघ जाड आहे, दुसरी निम्म्यातच शाई संपल्यासारखी पुसट. तिच्या हातचं जगात उरलंय ते एवढंच. नवऱ्याला ते दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. लग्नाशिवाय जन्मलेली माणसं लाजेपोटी लग्नाच्या वेळी वडिलांचं नाव रचून सांगत, कधी आजोबांचं नाव देत. वयाच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं ‘सज्ञान’ एवढंच असतं, म्हणजे 21 किंवा त्याहून जास्त.

जनगणना

दर दहा वर्षांची जनगणना 1801 पासून होते आहे, पण नावानिशी उपयोगी पडते ती 1841 पासून. त्या वर्षीच्या जनगणनेने नवख्यांना फार फसवलंय. 15 वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहायची सूचना होती, म्हणून 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो. घरातली नाती दिलेली नाहीत. जन्मस्थळ म्हणून फक्त ‘याच परगण्यात की नाही’ एवढंच. 1851 पासून नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माचं गाव मिळू लागतं. 1851 च्या कागदात दहा वर्षांचा मुलगा कुटुंबप्रमुखाचा ‘सन-इन-लॉ’ दिसला तर दचकू नका. तेव्हा सावत्र मुलालाही तोच शब्द वापरत.

आपला माणूस हयातीतल्या प्रत्येक जनगणनेत शोधा, एखाद-दुसरी पाहून थांबू नका. जन्माचं गाव दर वेळी वेगळं सांगितलेलं असू शकतं. कधी माणसाला ठाऊक नसतं, कधी लिहिणारा राहतं गावच लिहून मोकळा होतो. तीनदा एकच गाव आलं आणि एकदा वेगळं, तर तीनदा आलेलं आधी तपासा.

1911 चा कागद कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती हयात आणि किती गेली, हे प्रश्न त्यात आहेत. आमच्या एका शाखेच्या कागदावर 9, 6, 3 असे आकडे आहेत. वंशवेलीत मुलं सातच होती. राहिलेली दोन आईच्या माहेरच्या आडनावावरून सरकारी सूचीत सापडली. दोघंही वर्षाच्या आत गेलेली.

1921 ची जनगणना खुली झाली आहे. 1931 ची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आगीत जळाली आणि 1941 ची झालीच नाही. त्यामुळे 29 सप्टेंबर 1939 ला झालेल्या राष्ट्रीय नोंदणीवर भागवावं लागतं.

चर्चची रजिस्टरं

1837 च्या मागे जायचं तर पॅरिशशिवाय गत्यंतर नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द. धर्माचा आणि गावकीचा कारभार याच हद्दीत चाले. हेन्री आठवा राजा असताना थॉमस क्रॉमवेलने 1538 मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम काढला. इतक्या मागचं सगळीकडे टिकलेलं नाही. 1640 आणि 1650 च्या दशकांत, यादवी युद्ध आणि क्रॉमवेलच्या काळात, बहुतेक गावांत खाडे आहेत. (हा क्रॉमवेल ऑलिव्हर, वरचा थॉमस वेगळा. नाव एक, माणसं दोन, याचं घरचं उदाहरण!) मूळ वही गहाळ असेल किंवा भिजून गेली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल शोधा. मूळ वही उपलब्ध असली तरी ही नक्कल पाहावी. एकीत राहिलेलं दुसरीत सापडतं.

दोन कायदे लक्षात ठेवा. 25 मार्च 1754 पासून लग्नं, क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू वगळता, पॅरिश चर्चमध्येच लावणं बंधनकारक झालं, आणि सह्या व साक्षीदार नोंदवले जाऊ लागले. 1 जानेवारी 1813 पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्यापुढे वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण, दफनापुढे वय आणि ठिकाण. त्याआधीच्या दफनात पुष्कळदा नुसतं नाव असतं, म्हणून 1813 च्या मागे पुरावा एकदम पातळ होतो. तिथे सावकाश चाला.

आणि कॅलेंडर! 1752 पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. मे 1720 मध्ये बाप्तिस्मा झालेलं बाळ फेब्रुवारी 1720 मध्ये पुरलेलं दिसेल. जन्माआधी मरण वाटतं. खरं तर तो आपला फेब्रुवारी 1721. अशी तारीख 1720/21 अशी दोन्ही वर्षांनी लिहायची पद्धत आहे, ती पहिल्या दिवसापासून पाळा.

बाप्तिस्मा मिळालाच नाही तर घराणं बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल किंवा मेथडिस्ट अशा, सरकारी चर्चबाहेरच्या पंथाचं होतं का ते पाहा. पूर्व इंग्लंडमध्ये अशी घरं पुष्कळ. त्यांच्या 1837 पर्यंतच्या बऱ्याचशा वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

विल्यमची गोष्ट

आता मूळ चुकीकडे येते. आमच्या विल्यमचं लग्न 1846 चं. दाखल्यावर वडील रॉबर्ट, मजूर. 1851 मध्ये वय 28, म्हणजे जन्म 1823 च्या आसपास, आणि जन्माचं गाव स्पष्ट लिहिलेलं. (हयात माणसं आहेत म्हणून गावांची नावं देत नाही.) वंशवेल करणाऱ्याने त्या गावच्या रजिस्टरात 1820 ते 1826 पाहिलं, विल्यम सापडला नाही. मग त्याने शेजारचं गाव पाहिलं. तिथे 1823 मध्ये रॉबर्टचा मुलगा विल्यम, बाप्तिस्मा झालेला. वडिलांचा व्यवसाय शेतकरी. नाव जुळलं, वर्ष जुळलं, बापाचं नावही जुळलं. रेघ ओढली गेली. पुढे ती रेघ कितीतरी जणांनी आपापल्या ऑनलाइन वंशवेलीत उतरवून घेतली, आणि दहा ठिकाणी दिसते म्हणजे खरीच असणार असं सगळ्यांना वाटू लागलं.

मला खटकला तो व्यवसाय. ‘शेतकरी’ म्हणजे स्वतः शेत कसायला घेणारा, मजूर लावणारा. ‘मजूर’ म्हणजे त्याच्या हाताखाली राबणारा. 20 वर्षांत शेतकऱ्याचा मजूर होऊ शकतो, नेपोलियनची युद्धं संपल्यावर धान्याचे भाव कोसळून कैक शेतकरी बुडाले. त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण शंका आली, की करायची गोष्ट ठरलेली आहे: आपल्याला हवा असलेला माणूस लहानपणीच वारला नव्हता ना, हे दफनाच्या वहीत पाहा. मी शेजारच्या गावची वही उघडली. 1824, विल्यम, ठिकाण तेच, वय 7 महिने.

वहीत ती एकच ओळ आहे. तिने सहा पिढ्या खाली आणल्या.

मग खरा विल्यम कुठे होता? जिथला म्हणून तो जनगणनेत सांगत होता तिथलाच. मी त्याच गावची बाप्तिस्म्याची वही 1826 च्या पुढेही वाचत गेले. 1832 च्या एका रविवारी एकाच घरातल्या चार भावंडांचा बाप्तिस्मा एकत्र झालेला. वडील रॉबर्ट, मजूर. त्यांतला थोरला विल्यम, समासात बारीक अक्षरात ‘जन्म 1823’. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, हे पुस्तकी वाक्य तेव्हा मला खऱ्या अर्थाने कळलं. बाप्तिस्मा शोधताना अंदाजी जन्मवर्षाच्या पुढे किमान दहा वर्षं वाचायचीच.

नवा माणूस सापडला म्हणून लगेच रेघ ओढली असती, तर मी तीच चूक दुसऱ्यांदा केली असती. त्यालाही तेच प्रश्न विचारले. दफन आहे का? नाही. 1841 मध्ये रॉबर्टचं घर त्याच गावात आहे का? आहे, मजूर म्हणून. 1846 च्या लग्नाच्या साक्षीदारांत सूझन नावाची मुलगी होती, तिच्याकडे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. 1832 च्या त्या चार भावंडांत सूझन आहे. आणि त्या वयाचा, त्या नावाचा दुसरा कोणी आसपासच्या पॅरिशमध्ये वाढून मोठा झालेला दिसतो का, तेही तपासलं. इतकं झाल्यावर पेन्सिलने रेघ ओढली.

गरिबांचे कागद

मजुरांच्या नावे इस्टेट नसते, मृत्युपत्रं क्वचित. (तरीही एकट्या मावशी-आत्यांची मृत्युपत्रं जरूर पाहा, त्या भाचरांची नावं ओळीने देतात. 12 जानेवारी 1858 पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत आणि नंतरची सरकारी प्रोबेटकडे, म्हणजे मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या खात्याकडे.) पण गरिबांबद्दल सगळ्यात बोलके कागद त्यांच्या गरिबीनेच निर्माण केले. 1662 च्या कायद्यानुसार प्रत्येक माणसाचा हक्क कोणत्या तरी एका पॅरिशवर असे, त्याला सेटलमेंट म्हणत. हातपाय थकले, काम सुटलं, की त्या पॅरिशने पोसायचं. म्हणून प्रत्येक पॅरिश परक्या गरिबाला त्याच्या गावी परत पाठवायला टपलेलं असे. माणसाला दोन न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करून त्याची जबानी घेत. हक्क जन्माने मिळे, कारागिराकडे शिकाऊ म्हणून उमेदवारी केल्याने मिळे, लग्नाने बायकोला नवऱ्याचा मिळे, किंवा अविवाहित असताना एका मालकाकडे पूर्ण वर्षभर नोकरी केल्याने मिळे. म्हणून काही मालक मुद्दाम 51 आठवड्यांसाठीच गडी ठेवत.

आमच्या रॉबर्टची अशी जबानी नॉर्विचच्या नॉरफक रेकॉर्ड ऑफिसात, गावच्या कागदांत मिळाली. अर्ध्या पानाची. जन्म कुठल्या गावचा. वडिलांचा हक्क कोणत्या गावावर. कोणत्या शेतकऱ्याकडे मायकलमसपासून पुढच्या मायकलमसपर्यंत, म्हणजे 29 सप्टेंबर ते 29 सप्टेंबर, राहून नोकरी केली आणि काय मिळालं. त्यानंतर कुठेही वर्षभर टिकलो नाही. बायको आणि दोन मुलं. खाली फुली. एका कागदाने एक पिढी मागे नेलं, आणि माणूस समोर आणून उभा केला. सासूबाईंना मी तो वाचून दाखवला. जमीनदार पूर्वज हातचा गेल्याची खंत त्यांना वाटेल अशी धास्ती होती. त्यांनी फक्त विचारलं, “मग त्याला राहू दिलं का तिथे?” राहू दिलं होतं.

हे कागद काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात आणि बरेचसे अजून ऑनलाइन नाहीत. जाण्याआधी कॅटलॉग पाहून पॅरिशच्या नावासमोर ‘ओव्हरसीअर्स’ (गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणारे पॅरिशचे अधिकारी) या मथळ्याखाली काय आहे ते टिपा. वाचक कार्ड काढावं लागतं, आत फक्त पेन्सिल चालते. तिथल्या कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने विचारा.

लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा बाप कोण, हेही याच कागदांत मिळतं, कारण पॅरिशला पोटगी वसूल करायची असे. मुलाचं मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते पुष्कळदा आईचं माहेर सांगतं किंवा बापाकडे बोट दाखवतं.

अक्षर आणि नावं

सोळाव्या-सतराव्या शतकातली लिपी आज वाचता येत नाही, मोडीसारखीच ती वेगळी शिकावी लागते. नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर तिचे मोफत धडे आहेत. आपल्या गावच्या एकोणिसाव्या शतकातल्या पानांपासून सुरू करून मागे मागे जा. डोळा आपोआप तयार होतो.

आडनावाचं एकच ‘बरोबर’ स्पेलिंग डोक्यात धरू नका. लिहिता न येणाऱ्या माणसाचं नाव कारकून कानाने लिहायचा, त्यात बऱ्याच भागांतल्या गावरान बोलीत सुरुवातीचा ‘ह’ गळायचा. जे-एन-ओ असं लिहिलेलं दिसलं तर तो जॉन असतो, जोनाथन नव्हे. लॅटिनमध्ये विल्यमचा गुलिएल्मस होतो, जेम्सचा जाकोबस. मेरीची पॉली, सॅराची सॅली, मार्गारेटची पेगी. आणि एकाच जोडप्याला दोन विल्यम दिसले तर पहिला वारल्यावर दुसऱ्याला त्याचंच नाव दिलेलं असण्याची शक्यता मोठी.

पूर्वज हिंदुस्थानात गेला असेल तर

शेतमजुराच्या मुलाला सैन्य हा सुटकेचा एक रस्ता होता, आणि तो रस्ता पुष्कळदा पुणे, खडकी, अहमदनगर किंवा देवळालीला यायचा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावरही पाहता येतात. शिवाय पेन्शनवर सुटलेल्या सैनिकांचे कागद क्यूला आहेत. त्यात जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. इंग्लंडात अडलेली गाठ कित्येकदा अशी फिरून सुटते.

चूक दुरुस्त कशी करायची

जुनी वंशवेल फाडू नका. तिची प्रत ठेवा आणि त्यावर तारीख घाला. नव्या प्रतीत बदललेल्या दुव्यापाशी चार-पाच ओळी लिहा: आधी काय मानलं होतं, कोणत्या नोंदीने ते खोटं ठरलं, आता काय मानतो आणि कशावरून. नोंदीचा पूर्ण पत्ता द्या, म्हणजे रेकॉर्ड ऑफिस, पॅरिश, वही आणि तारीख. इतरांच्या ऑनलाइन वंशवेलीत तीच चूक असेल तर मालकाला आरोप न करता लिहा आणि दफनाच्या पानाचं छायाचित्र जोडा. काही जण आनंदाने बदलतात, काही उत्तर देत नाहीत. आमच्या त्या दूरच्या नातेवाइकाने आठवड्याभरात बदल केला आणि उलट एक जुना फोटोही पाठवला.

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर सगळ्यांची मिळून एकच वंशवेल आहे, कोणीही बदलू शकतं. तिथे नुसती चुकीची रेघ काढून भागत नाही, कोणी तरी ती पुन्हा जोडतं. म्हणून मी त्या सात महिन्यांच्या विल्यमला त्याच्या खऱ्या आईवडिलांखाली ठेवलं, 1824 चं दफन त्याच्या पानाला जोडलं, आणि बदलाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं, की हा 1846 मध्ये लग्न झालेला विल्यम नव्हे.